गव्हातलं तण: नांगरायचं, झाकायचं, की दोन्ही?

या वेळच्या पत्रांत गहू आणि तण हाच विषय सगळ्यात जास्त होता, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात ढकललेत. सारखे वाटले ते एकत्र केलेत आणि काही पत्रं फार मोठी होती ती थोडी छाटलीत, राग मानू नका.

प्रश्न: ताई, नमस्कार. काही वर्षांपासून गहू नांगरट न करता झिरो टिल मशीनने थेट पेरतोय. सुरुवातीला चाकवत एकदम कमी झाला, आम्ही खूश. पण आता हरळी आणि चांदवेल अशी पसरलीय की शेजारचे म्हणतात नांगर घाल नाहीतर रान हातचं जाईल, आणि शून्य मशागतवाले म्हणतात एकदा नांगरलंस की आतापर्यंतचं सगळं मातीत. कुणाचं ऐकू?

उत्तर: दोघंही खरं बोलतायत, फक्त वेगवेगळ्या तणांबद्दल बोलतायत आणि ते त्यांच्या लक्षात येत नाहीये. नांगरायचं की नाही याचं उत्तर तुमच्या रानात कुठलं तण आहे आणि ते मातीच्या कुठल्या थरातून येतं यावर असतं, आणि बहुतेक भांडणं हे न बघताच होतात.

चाकवताचं बी बारीक. त्याच्यात पोटात साठवलेलं अन्न इतकं कमी की ते वरच्या दोन-तीन सेंटिमीटरमधूनच बाहेर येऊ शकतं, त्याच्या खाली पडलं तर गप्प पडून राहतं, मरत नाही. एका झाडाला हजारोंनी बी, ते सगळं पिकाच्या कापणीआधी-नंतर वरच सांडतं. तुम्ही माती हलवली नाही की ते बी वरच राहतं, आणि वर राहणं म्हणजे मुंग्या, भुंगेरे, उंदीर, पाखरं, बुरशी, ऊन, ओल-सुकं ओल-सुकं हे सगळं त्याच्या वाट्याला. जे खाल्लं जात नाही ते लवकर उगवून जातं आणि तुम्ही ते मारता. खालचा जुना साठा वर येतच नाही. म्हणून चाकवत कमी झाला, हे मशीनचं यश खरंच आहे.

आणि खालचा साठा किती दिवस टिकतो याचा अंदाज नसतो लोकांना. अमेरिकेत मिशिगनमध्ये विल्यम बील नावाच्या प्राध्यापकांनी १८७९ साली बाटल्यांमध्ये वाळू आणि तणांचं बी भरून जमिनीत पुरलं, आणि ठरावीक वर्षांनी एकेक बाटली उकरायची असं ठरवलं. तो प्रयोग अजून चालू आहे, २०२१ मध्ये बाटली काढली तेव्हाही त्यातलं काही बी उगवलं, म्हणजे १४२ वर्षांनी! ते गव्हातलं तण नव्हतं हे मान्य, पण चाकवतसुद्धा खोल पुरलेलं असेल तर दशकानुदशकं जिवंत राहिल्याची नोंद आहे. म्हणजे जोरात पलटी नांगर घातला की आजचं बी खाली जातं हे बरोबर, पण त्याच वेळी दहा वर्षांपूर्वीचं वर येतं.

आता हरळी आणि चांदवेल. यांचा मुख्य भर बियांवर नाही, हे जमिनीखालच्या खोडांवर आणि मुळांवर जगतात. पूर्वी दरवर्षीची नांगरट, वखराच्या पाळ्या, ही त्यांची साठवण सतत ओरबाडत होती. तुम्ही ते थांबवलंत, त्यांना निवांतपणा मिळाला. शून्य मशागतीत सुरुवातीची काही वर्षं वर्षायू (एका हंगामात संपणारी) तणं कमी होतात आणि मग बहुवर्षायू (वर्षानुवर्षं टिकणारी) तणं वाढतात, हे जगभर दिसलेलं आहे, तुमच्याच रानात काही चुकलं असं नाही.

मग करायचं काय? सगळं रान उलथवू नका. ज्या पट्ट्यांत हरळी आहे तेवढेच पट्टे कोरड्या कडक उन्हाच्या दिवसांत खोल नांगरा, काश्या, म्हणजे तिची जमिनीखालची खोडं, वर येऊ द्या, वाळू द्या, जमतील तेवढ्या वेचून बाहेर काढा. ओल असताना हे केलंत तर उलट लावणी केल्यासारखं होईल. किंवा पेरणीच्या पुरेसं आधी, हरळी हिरवीगार वाढत असताना, मुळापर्यंत जाणारं तणनाशक, लेबलवर लिहिलेल्या मात्रेत आणि तुमच्याकडे जो नियम असेल त्याप्रमाणे. हरळीला सावली अजिबात सोसत नाही, त्यामुळे गव्हाआधी दाट आच्छादन पीक, म्हणजे नुसतं जमीन झाकायला घेतलेलं पीक, घेतलंत तर ती चांगलीच खचते. चांदवेलीचं मात्र उलटं आहे, ती आच्छादन पिकावरच चढून उजेड गाठते, म्हणून नुसत्या सावलीवर भरवसा नको. तिची मुळं काही मीटर खाली जातात आणि बोटभर तुकड्यातून परत येते, म्हणून तिला दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने सतत कापत राहून उपाशी मारणं किंवा फुलोऱ्याच्या सुमारास फवारणी, एवढेच मार्ग. एका हंगामात होणारं काम नाही ते.

प्रश्न: रोटर मारला की तण जास्त उगवतं असं वाटतं, खरं आहे का मनाचे खेळ?

उत्तर: खरं आहे. तीन कारणं आहेत. एक म्हणजे रोटाव्हेटर बी वरच्या दहा-पंधरा सेंटिमीटरमध्ये छान कालवतो, पलटी नांगरासारखं खोल गाडत नाही. दुसरं, माती बारीक होते, बियाला ओल चांगली धरते, म्हणजे गव्हासाठी जे बेड तुम्ही तयार करता ते तणालाही तितकंच आवडतं. तिसरं उजेडाचं, बऱ्याच बारीक बियांना उगवायला उजेडाचा इशारा लागतो आणि माती उलटताना मिळालेला क्षणभराचा उजेडसुद्धा त्यांना पुरतो. हरळी-लव्हाळा असेल तर चौथं कारण पण धरा, पात्याने तुकडे होतात आणि जवळजवळ प्रत्येक तुकडा नवीन झाड.

पण हाच उगवा तुमच्या बाजूने वापरता येतो. पेरणीच्या दोन-तीन आठवडे आधी रान तयार करून ठेवा, पाऊस नसेल तर पाणी द्या, तणाला मनसोक्त उगवू द्या, मग ते मारा आणि लगेच पेरा. इथे एक गोष्ट लोक हमखास चुकतात. तण मारायला परत रोटर घालतात! अहो, मग खालून नवी खेप वर आली की, पहिली मेहनत गेली. दुसऱ्या वेळी एकतर फवारणी करा नाहीतर अगदी वरचेवर, तीन-चार सेंटिमीटरच खरवडा, आणि पेरणी यंत्रानेही माती कमीत कमी हलेल असं बघा.

प्रश्न: पलटी नांगर पूर्ण बंद करायचा का मग?

उत्तर: नाही. ज्या तणाचं बी जमिनीत लवकर मरतं त्याच्यावर पलटी नांगर फार प्रभावी आहे. इंग्लंडमध्ये ब्लॅकग्रास नावाचं गवत गव्हाच्या मानगुटीवर बसलेलं आहे, त्याचं गाडलेलं बी वर्षाला साधारण ७० ते ८० टक्के मरत जातं, आणि ब्रोम जातीच्या गवतांचं तर त्याहून लवकर. अशा ठिकाणी एकदा नीट २०-२५ सेंटिमीटर खोल पलटी घालून सगळं बी खाली टाकायचं आणि मग चार-पाच वर्षं ते परत वर आणायचं नाही, मधल्या काळात उथळ मशागत किंवा थेट पेरणी. दरवर्षी पलटी घातली की गाडलेलं परत वर, म्हणजे काहीच नाही साधलं. नांगर अर्धवट पलटत असेल, माती नुसती तिरपी होत असेल, तरीही हा सगळा खटाटोप फुकट.

प्रश्न: गव्हाच्या आधी रान काही आठवडे मोकळं असतं. त्यात आच्छादन पीक घ्यायचंय, ताग, धैंचा, चवळी, मोहरी अशी बरीच नावं ऐकली, शिवाय परदेशी व्हिडिओंमध्ये सगळे राय पेरताना दिसतात. तण दाबायला कुठलं चांगलं? आणि गव्हाला नत्र कमी पडतं म्हणतात ते काय?

उत्तर: राय आधी बाजूला काढते. राय म्हणजे मोहरीची राई नव्हे, गव्हाच्याच घराण्यातलं धान्य आहे. तण दाबण्यात ते खरंच जबरदस्त, त्याच्या मुळांतून आणि कुजणाऱ्या काडातून अशी द्रव्यं सुटतात की बारीक बियांचं उगवणं अडतं, पण ते व्हिडिओ बहुतेक सोयाबीन किंवा मक्याआधीचे असतात. गव्हाआधी राय घेतली आणि चार ओंब्या जरी पक्व झाल्या तरी पुढे तीच गव्हातलं तण होते, आणि गव्हात राय मारणारं औषध शोधणं किती अवघड आहे ते विचारू नका, दोघांचं रक्तच एक. शिवाय गवत कुळातलं आच्छादन आणि मागच्या हंगामाचं आपोआप उगवलेलं गहू यांच्यावर मुळांचे रोग आणि विषाणू पसरवणारा मावा सांभाळला जातो आणि तो सरळ तुमच्या नव्या गव्हावर उतरतो. म्हणून गव्हाआधी शक्यतो रुंद पानांचं पीक घ्या.

उष्ण आणि ओलीच्या मोसमात ताग, धैंचा, चवळी चांगले. ताग सरळ आणि भराभर वाढतो, दाट पेरला तर खाली अंधार करतो. चवळी लवकर जमीन झाकते पण उंचीला कमी, उंच तण तिच्या डोक्यावरून वर येतं. धैंचा पाणी साचणाऱ्या रानात. थंड हवेत मोहरीवर्गीय पिकं किंवा व्हेच (एक डाळवर्गीय वेल). मोहरी कापून ताजी गाडली तर त्यातून जी तिखट वास मारणारी द्रव्यं सुटतात ती काही दिवस बारीक बी दाबतात, पण हा परिणाम लोक सांगतात तेवढा मोठा आणि भरवशाचा नाही, मी तरी फक्त त्याच्यासाठी मोहरी घेणार नाही.

दोन पिकं मिसळली तर जमीन लवकर झाकते, आणि पहिल्या तीन-चार आठवड्यांत जमीन झाकणं हेच सगळ्यात महत्त्वाचं. आच्छादन पीक जिवंत असताना तण दाबण्याचं काम सावली करते, मेल्यावर काड करतं, आणि काडाचं काम जाडीवर आहे. पातळ पाचोळ्याने काही होत नाही, उलट ओल धरून तण थोडं जास्तच उगवतं कधीकधी. हेक्टरी साधारण ५ टन आणि त्याहून जास्त सुकं काड असेल तेव्हा तणावर स्पष्ट फरक दिसायला लागतो, ८ टनांच्या आसपास गेलं तर चांगलाच. तुम्ही आठवडा-दोन आठवड्यांचं खुरटं आच्छादन घेऊन मोठ्या अपेक्षा ठेवाल तर निराशा ठरलेली. त्यामुळे बियाणं नेहमीपेक्षा दाट वापरा, ओळी जवळ ठेवा, आणि मोकळी फट दिसली तिथे तण येणारच हे गृहीत धरा.

नत्राचं असं आहे की काड कोवळं असेल तर लवकर कुजतं आणि नत्र देतं, पण मग तण दाबायला राहतं काय? जून, काष्ठयुक्त झालं तर महिनोन्‌महिने टिकतं, पण कुजवणारे जीवाणू गव्हाच्या वाट्याचं नत्र पळवतात. कार्बन आणि नत्राचं प्रमाण साधारण २५ ला १ च्या पलीकडे गेलं की ही ओढाताण सुरू होते. डाळवर्गीय पीक फुलायला लागलं की कापलं तर बऱ्यापैकी मधला रस्ता सापडतो. गवतवर्गीय मिसळलं असेल तर पेरणीबरोबरचा नत्राचा हप्ता थोडा वाढवावा लागतो.

मारायचं कसं हेही विचारलंय काहींनी. फुलोऱ्यात आलेलं पीक रोलरने चिरडून आडवं पाडता येतं, त्याची पाती देठ चेचतात आणि पीक परत उभं राहत नाही, पण कोवळं असताना चिरडलं तर दोन दिवसांत मान वर करतं. कापून, किंवा फवारून पण होतं. एक लक्षात ठेवा, मारल्यावर पेरणीआधी दोन आठवडे तरी जाऊ द्या. नाहीतर हिरव्या ओल्या काडात पेरणी यंत्राचा फाळ काड ढोसत जातो, बी मातीऐवजी काडात पडतं आणि गव्हाची उगवण विरळ होते. आणि विरळ गहू म्हणजे तणाला आमंत्रणच, म्हणजे ज्यासाठी सगळं केलं तेच गेलं.

प्रश्न: ताग स्वतःच तण होईल का?

उत्तर: शेंगा पक्व होऊ दिल्या तर होईल, फुलावर मारलंत तर नाही.

प्रश्न: गव्हात गुल्ली-डंडा (गव्हासारखं दिसणारं तण) भरलाय, फवारणी करूनही मरत नाही. मात्रा वाढवू का? आणि झिरो टिलने कमी होतो म्हणतात ते खरं का?

उत्तर: मात्रा वाढवू नका. आधी खात्री करा की ते गुल्ली-डंडाच आहे, कारण लहान असताना तो आणि गहू सारखेच दिसतात. बुंध्याजवळ बघा, गुल्ली-डंड्याचा बुंधा गुलाबी-लालसर दिसतो, गव्हाचा नाही. पान जिथे खोडाला चिकटतं तिथे गव्हाला दोन बारीक कान असतात, गुल्ली-डंड्याला नसतात. जंगली ओटलाही कान नसतात, आणि त्याचं पान गव्हाच्या उलट्या दिशेला पीळ घेतं.

आता मरत का नाही? पंजाब-हरियाणात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हेच झालं. आयसोप्रोट्युरॉन हे एकच औषध कितीतरी वर्षं सगळ्यांनी सगळीकडे वापरलं, त्यात जी मोजकी रोपं जात्याच तग धरणारी होती ती उरली, त्यांचंच बी सांडलं, आणि मग औषध पाण्यासारखं झालं. नंतर नवीन औषधं आली, क्लोडिनाफॉप, फेनॉक्साप्रॉप, सल्फोसल्फ्युरॉन, आणि तीही एकाच पद्धतीने वापरली तेव्हा त्यांच्याही बाबतीत तेच सुरू झालं. मात्रा वाढवण्याने तुम्ही तगडी रोपं निवडून देता, बस्स. अर्धी मात्रा मारणंही तितकंच वाईट, हे पण सांगते, कारण पैसे वाचवायला बरेच जण तेच करतात.

त्या वेळी तिथे झिरो टिल लोकांनी उचललं त्याचं मोठं कारण हेच तण होतं. माती न हलवल्यामुळे पहिल्या पाण्याआधीची मोठी खेप कमी उगवते, आणि भात कापल्यावर मशागतीत जाणारे दिवस वाचतात, म्हणजे गहू आठवडा-दोन आठवडे आधी पडतो. गुल्ली-डंड्याला उगवायला थंडावा लागतो, १५ अंशांच्या आसपास तो खुशीत असतो, जमीन अजून कोमट असताना गहू पेरला तर गहू पुढे निघून जातो आणि जमीन झाकतो. त्यावर भाताचं काड जागेवर ठेवून हॅपी सीडरने (काडातूनच थेट पेरणारं यंत्र) पेरलं तर काडाखाली अजून कमी.

पण हे वाचून सगळ्यांनी पेरणी आधी घेऊ नका! इंग्लंडमध्ये ब्लॅकग्रासच्या बाबतीत बरोब्बर उलटं सांगतात, ते शरद ऋतूच्या सुरुवातीलाच उगवतं म्हणून गहू उशिरा पेरा, तोवर पहिली खेप उगवू द्या आणि मारा. तुमचं तण कधी उगवतं ते बघूनच तारीख ठरते, दुसऱ्याची तारीख उसनी घेऊन चालत नाही. आणि पीक फेरपालट जमत असेल तर कराच, गव्हाऐवजी एक-दोन हंगाम चारा पीक घ्या, म्हणजे गुल्ली-डंडा बी धरायच्या आत कापला जातो. त्याच्या बाबतीत कापणीपर्यंत थांबून उपयोग नसतो, बरंचसं बी गहू काढायच्या आधीच सांडून गेलेलं असतं. वाचलेली रोपं ओंबी टाकल्या टाकल्या हाताने उपटा, कंटाळवाणं आहे पण थोडीच असतील तर इतकं स्वस्त दुसरं काही नाही. पुढच्या वर्षीचं गव्हाचं बियाणं स्वतःचं वापरत असाल तर चाळून घ्या.

प्रश्न: तण उजेडामुळे उगवतं तर रात्री नांगरावं का? एका ठिकाणी वाचलं.

उत्तर: लोकांनी हे करून बघितलंय, काही ठिकाणी फरक पडला, काही ठिकाणी काहीच नाही. ज्या बियांना उजेड लागतो तीच फक्त कमी होतात आणि जी वरच पडलेली असतात ती सकाळी ऊन बघतातच. झोपमोड करण्याइतका फायदा मला तरी दिसत नाही.

प्रश्न: आच्छादन पीक गव्हाच्या आतच घेता येतं का, म्हणजे गहू आणि क्लोव्हर (एक ठेंगणं डाळवर्गीय चारा पीक) सोबत?

उत्तर: येतं, पण तोल सांभाळावा लागतो. गहू फुटव्यांवर आल्यावर, स्वतःचा जम बसल्यावर, ओळींमध्ये ठेंगणं क्लोव्हर टाकतात. ते गव्हाच्या सावलीत हळू वाढतं आणि गहू काढला की जोर धरतं, त्यामुळे काढणीनंतर जे तण रान बळकावतं त्याला जागा मिळत नाही. खरा फायदा या काढणीनंतरच्या काळातला आहे. उभ्या गव्हातलं तण दाबायला म्हणून हे केलंत तर फरक थोडाच दिसेल, कारण तण बहुतेक तोवर उगवून गेलेलं असतं. पाणी कमी असेल तर क्लोव्हर गव्हाच्याच तोंडचं पाणी पिणार, कोरडवाहूत मी सुचवणार नाही. आणि एकदा क्लोव्हर टाकलं की रुंद पानांच्या तणावरचं नेहमीचं औषध तुम्हाला वापरता येत नाही, ते क्लोव्हरलाही मारतं, हे आधी विचारात घ्या.

प्रश्न: मी काड जागेवर ठेवून थेट पेरणी केली आणि पेरल्यावर लगेच पेंडिमिथॅलिन (तण उगवण्याआधी मारायचं औषध) फवारलं, पण काम झालं नाही. औषध बनावट होतं का?

उत्तर: असेलही, पण आधी काडावर संशय घ्या. पेंडिमिथॅलिन काडाला आणि सेंद्रिय पदार्थाला घट्ट चिकटून बसतं, जमिनीपर्यंत पोचतच नाही, आणि तण तर जमिनीतून उगवतं. पाण्याचं प्रमाण वाढवून फवारलं आणि नंतर लवकर पाऊस किंवा पाणी मिळालं तर थोडं खाली उतरतं, तरी जाड काडात भरवसा नको. अशा रानात उगवणीपूर्व औषधावर पूर्ण अवलंबून राहण्यापेक्षा उगवल्यानंतर, तण दोन-चार पानांवर असताना, मारायचं औषध नियोजनात आधीच धरून ठेवा. काड पण एकसारखं पसरलेलं बघा. हार्वेस्टरच्या मागे जिथे ढीग पडतात तिथे गहू उगवत नाही आणि जिथे उघडं राहतं तिथे तण उगवतं, त्यामुळे मशीनला काड पसरवणारं जोडकाम नसेल तर पेरणीआधी माणूस लावून ढीग पांगवून घ्या.